रात्रीच्या जेवणाला वेळ नाही? मग एकाच भांड्यात शिजवा!



संध्याकाळी सात-साडेसातला अंबाडी नाक्यावर दहा मिनिटं उभे राहून बघा. भिवंडीकडून एसट्या, टेम्पो, मॅजिक गाड्या येऊन थांबतात. गोदामांतून आणि कारखान्यांतून सुटलेली माणसं उतरतात. अर्धा जीव भिवंडी-वाडा रस्त्याच्या खड्ड्यांत गेलेला असतो, उरलेला अर्धा घेऊन ती घराकडे निघतात. वाटेत चायनीजची गाडी लागते, वडापावची गाडी लागते, किराणा दुकानात दोरीला लटकलेली नूडल्सची पाकिटं दिसतात. बऱ्याच घरांतलं रात्रीचं जेवण तिथेच ठरतं.

दुसऱ्या दिवशी यातलीच काही माणसं माझ्या दवाखान्यात येतात. मी विचारतो, "काल रात्री काय जेवलात?" उत्तरं ठरलेली. "चहा-बिस्कीट खाल्लं, मग भूकच नव्हती." "पोरांनी नूडल्स खाल्ले, आम्ही भात आणि लोणचं." "पार्सल आणलं, डॉक्टर. वेळ कुठे असतो?"

आजचा लेख या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. वेळ नसतो हे शंभर टक्के खरं आहे. "वेळ नाही म्हणून पाकीट" हे मात्र मला मान्य नाही. का, ते सांगतो.

माझी चूक आधी सांगतो

काही महिन्यांपूर्वी एक ताई आल्या होत्या. गोदामात पॅकिंगचं काम, दिवसभर उभं राहून. थकवा, धाप, पायांत गोळे. हिमोग्लोबिन तपासलं तर ८.२ निघालं. (गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ च्या वर हवं.) नवऱ्याला मधुमेह, मुलगा नऊ वर्षांचा आणि वजनाने कमी. मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि नेहमीप्रमाणे आहाराचा कागद हातात ठेवला: पोळी, पालेभाजी, उसळ, वरण, कोशिंबीर, ताक.

ताईंनी कागद वाचला, घडी घातली आणि टेबलावर परत ठेवला. म्हणाल्या, "डॉक्टर, मी घरी येते पावणेआठला. हे सगळं करायला घेतलं तर दहा वाजतील. तोवर पोरगा झोपतो. तुम्हीच सांगा, हे कोण करणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो कागद मी कित्येक वर्षं वाटत होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं की घरात स्वयंपाक कोण करतं, ती घरी किती वाजता पोचते आणि मदतीला कोणी आहे का. "घरचं खा" हे सांगायला डॉक्टरला दोन सेकंद लागतात. ते करणाऱ्या बाईचे दोन तास जातात. म्हणून पहिला दोषी मी आणि माझ्यासारखे सल्ले देणारे.

दुसरा दोषी: "दोन मिनिटांत तयार" म्हणणारं पाकीट

झटपट नूडल्स म्हणजे मुख्यतः मैदा, पामतेल आणि मीठ. "आटा" लिहिलेलं पाकीट घेतलं तरी तेल आणि मिठाचा प्रश्न तसाच राहतो. घरात पाकीट असेल तर आत्ता उलटून बघा. मागे सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती ते कळेल. ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर एका पाकिटात २ ग्रॅम मीठ आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. नऊ वर्षांचं मूल एका बैठकीत त्यातला मोठा वाटा संपवतं, वर शेव आणि वेफर्स वेगळे.

दुसरी गोष्ट पोटाची. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एक प्रयोग झाला. २० माणसांना दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न. समोर ठेवलेल्या दोन्ही ताटांत उष्मांक, साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच होते आणि हवं तितकं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलो वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच कमी झालं. असं अन्न मऊ असतं, भराभर घशाखाली उतरतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आत आणखी चार घास जातात.

आपल्याकडे याचा परिणाम काय दिसतो? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच वेळी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षय असलेली आढळली. एकाच घरात बापाची साखर वाढलेली आणि आई-मुलाचं रक्त कमी, हे चित्र मी रोज बघतो. पोट भरतंय, पण पीठ, तेल आणि मीठ यांनीच. डाळ, भाजी, अंडं ताटातून गेलं.

वडापाववाल्या दादांशी माझं भांडण नाही. तेही पोटासाठीच उभे आहेत, आणि महिन्यातून दोनदा मीही खातो. रोजच्या रात्रीच्या जेवणाची जागा त्या गाडीने घेतली, भांडण तेवढ्याशीच आहे.

तिसरा दोषी: "पूर्ण ताट"

हा दोषी घरातच बसलेला असतो, म्हणून त्याचं नाव कोणी घेत नाही. "रात्री गरम पोळ्या हव्यात." "दोन भाज्या नाहीत?" "नुसती खिचडी? कोणी आजारी आहे का?"

हे बोलणाऱ्यांना एक हिशोब दाखवतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळपास पाच तास घालवत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात पुरुषांपैकी २६ टक्केच घरकामाला हात लावत होते. बाकीच्यांचा आकडा शून्य होता, मंडळी.

आता या बाईने दिवसभर गोदामात काम करून, घरी येऊन चौरस ताट वाढायचं. तीन दिवस ती करते. चौथ्या दिवशी पाठ धरते आणि ती दहा रुपये देऊन पोराला दुकानात पाठवते. म्हणजे पाकीट घरात आलं ते पूर्ण ताटाच्या हट्टामुळे. एक तर सगळं, नाही तर विकतचं, अशी दोनच दारं आपण उघडी ठेवली. मधलं दार बंद केलं. ते दार म्हणजे एका भांड्याचं साधं जेवण.

"पूर्वीच्या बायका करायच्याच की!" असं कोणी म्हणेल. पूर्वी घरात चुलीपाशी तीन-चार बायका असत आणि कामावरून यायला दीड तास एसटीत उभं राहावं लागत नसे. आणि खरं सांगा, आपल्या भागात रोज रात्री काय शिजायचं? तांदळाची भाकरी आणि एक कालवण. कधी पेज, कधी सुकटीचा रस्सा, कधी कुळथाचं पिठलं. पंचपक्वान्नं सणाला. झटपट जेवण आपल्या आजीला नीट येत होतं, फक्त तिने त्याची जाहिरात केली नाही.

चला, स्वयंपाकघरात

पुढचे सगळे पदार्थ चार माणसांसाठी आहेत. वेळ लिहिली आहे ती ओट्यापाशी उभं राहायची. कुकर गॅसवर असतो तेव्हा तुम्ही हातपाय धुवा, पोराचा अभ्यास बघा.

*१. भाज्या घातलेली मूगडाळ खिचडी (१० मिनिटं उभं राहणं).* एक वाटी तांदूळ, एक वाटी मूगडाळ. डाळ चिमूटभर घालू नका, तांदळाइतकीच घाला. दीडशे ग्रॅम मूगडाळीत सुमारे ३५ ग्रॅम प्रथिनं असतात. कांदा, टोमॅटो, दुधी किंवा गाजर, मूठभर पालक किंवा मेथी, हळद, जिरं, लसूण. चार शिट्ट्या. वरून लिंबू पिळा, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं आणि भाजीतलं लोह अंगी जास्त लागतं. आपल्याकडच्या वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची खिचडी करून बघा, आजाऱ्याचं जेवण म्हणायची हिंमत होणार नाही.

*२. पिठलं-भात (१५ मिनिटं).* कुकरला भात लावा, तो होईतो कढईत पिठलं. बेसन किंवा कुळथाचं पीठ, कांदा, लसूण, शेवग्याचा पाला मिळाला तर तोही. सोबत कच्चा कांदा, काकडी किंवा मुळा. भाकऱ्या थापायला वेळ आहे त्या दिवशी भाकरी.

*३. अंडाभुर्जी किंवा अंड्याचं कालवण (१५ मिनिटं).* एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं. सकाळच्या पोळ्या किंवा भाकऱ्या उरल्या असतील तर जेवण झालंच.

*४. मोडाच्या मुगाची किंवा मटकीची उसळ (१५ मिनिटं).* मोड आणायचं काम रविवारी करून ठेवा. कुकरमध्ये एक-दोन शिट्ट्या, वर खोबरं-कोथिंबीर. सोबत भात.

*५. सुकट-जवळा (१५ मिनिटं).* दोनदा स्वच्छ धुऊन, कांदा-टोमॅटोवर परतून, आमसूल टाकून. प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही मिळतं. सुक्या मासळीत मीठ असू शकतं, म्हणून वरून मीठ बेतानं. ब्लडप्रेशरवाल्यांनी खारवलेले मोठे मासे टाळावेत.

*६. वरणफळं (२० मिनिटं).* कालचं किंवा सकाळचं वरण उकळायला ठेवा, कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून त्यात सोडा. पोळी, वरण, दोन्ही एकाच पातेल्यात. मुलं मिटक्या मारत खातात.

*७. नाचणीचं घावन किंवा भाजणीचं थालीपीठ, सोबत दही (२० मिनिटं).* १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पिठात कांदा, कोथिंबीर, किसलेलं गाजर घाला.

आणि ज्या दिवशी काहीच होत नाही त्या दिवशी: दहीभात, भाजलेले शेंगदाणे, काकडी. तेही जेवणच आहे. त्याची लाज वाटू देऊ नका.

रविवारी पाऊण तास काढलात तर आठवडा सोपा जातो. आलं-लसूण वाटून ठेवा, मोड आणा, शेंगदाणे भाजून ठेवा, पालेभाजी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळा.

तुमच्या शंका

*"भात खाल्ला की शुगर वाढते ना?"* भाताचा डोंगर आणि त्यावर चमचाभर वरण, असं खाल्लं तर वाढते. भात अर्धा करा, डाळ-उसळ आणि भाजी वाढवा. आधी काकडी-भाजी, मग डाळ, शेवटी भात असं जेवलात तर साखर हळू चढते. जेवल्यावर नाक्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चाला. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर रात्रीचं जेवण चुकवू नका आणि मनाने एकदम कमी करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. किडनीचा आजार असेल तर डाळ-अंड्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

*"शिळं चालतं का?"* वरण, उसळ निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी बिनधास्त खा. भाताची मात्र काळजी घ्या. तो रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचा. फ्रिज नसेल तर मोजकाच शिजवा.

*"घरी आल्यावर चहा लागतोच."* घ्या. पण जेवणाला लागून नको. चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवा. चहासोबत बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे किंवा चणे खाल्ले तर पोराची जेवणाची भूकही मरत नाही.

*"मुलं खिचडी खातच नाहीत."* घरात पाकीट असेल तर कशाला खातील? पाकीट घरात आणायचं बंद करा. तीन-चार दिवस रडारड होईल, पाचव्या दिवशी ताट रिकामं होईल. मोठी माणसं तेच जेवत असतील तर आणखी लवकर.

*"महाग नाही का पडत?"* चार जणांच्या चायनीज पार्सलचे पैसे बाजूला काढा. तेवढ्यात किलोभर मूगडाळ येते आणि वर अंडीही येतात.

आता पुरुष मंडळींशी दोन शब्द

दादा, काका, तुम्हाला मोबाईलवरून पैसे पाठवता येतात, तर तुम्हाला कुकरच्या शिट्ट्याही मोजता येतील. खिचडीची कृती वर लिहिली आहे, त्यात बाईचाच हात लागतो असा एकही घटक नाही. जो आधी घरी पोचेल त्याने कुकर लावायचा, हा एक नियम करा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, डाळ-तांदूळ धुवायला शिकवा. पुढे शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडतील तेव्हा नूडल्सवर जगायची वेळ येणार नाही.

आणि कृपा करून "मी तिला मदत करतो" म्हणू नका. जेवता तुम्हीही, मग काम दोघांचं.

ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात त्यांनाही एक विनंती. सहाला सुटणारी शिफ्ट साडेसातला सोडली की त्या माणसाच्या घरातलं जेवण तुम्ही हिरावून घेता. त्याचा जादा पगार द्या किंवा नका देऊ असं मी म्हणणार नाही, कारण तो द्यायलाच हवा. पण वेळेवर सोडणं हेही आरोग्याचंच काम आहे.

त्या ताईंचं काय झालं?

मी कागद बदलला. नवीन कागदावर वरचे सात पदार्थ आणि सर्वांत वर एक ओळ: "जो आधी घरी येईल त्याने कुकर लावावा." पुढच्या वेळी नवऱ्यालाही बोलावलं. तो साडेसहाला घरी येत होता आणि पावणेआठपर्यंत जेवणाची वाट बघत होता. आता आठवड्यातले चार दिवस तो खिचडी नाहीतर भात-पिठलं करतो. पहिली खिचडी करपली होती, हे ताईंनी हसत हसत सांगितलं. तीन महिन्यांनी त्यांचं हिमोग्लोबिन ११.१ झालं. खोटं कशाला सांगू, ते मुख्यतः गोळ्यांनी वाढलं. पण गोळ्या काही महिन्यांच्या असतात. पुढे ते टिकवायचं काम त्या कुकरचं आहे. मुलगा आता आठला जेवतो आणि सगळ्यांबरोबर जेवतो.

मंडळी, आज बुधवार असो की शुक्रवार, घरी पोचायला आठ वाजोत की साडेआठ, डाळ-तांदूळ धुऊन कुकर गॅसवर चढवा आणि मग बसा. पुढच्या वेळी तपासणीला आलात की मी नाडी बघायच्या आधी विचारणार आहे: काल रात्री कुकर कोणी लावला?